नुसता ठसका

मुकुंदवाडी स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर सारजाबाईची पत्र्याची टपरी होती. पिठलं, भाकरी आणि ठेचा, एवढंच तिथं मिळायचं. पिठलं बरं असायचं, भाकरी चांगली असायची, पण माणसं यायची ती ठेच्यासाठी. कंपनीची पहिली पाळी सुटली की दहा-बारा जण उभ्याउभ्याच जेवायचे आणि भाकरी संपली तरी बोटानं ताटली पुसत राहायचे.

सारजाबाई कधी काही मोजून घेत नसे. फुलंब्रीकडून आलेली मिरची हातानं मोडायची, नाकाशी धरायची, आणि आज लसूण किती, शेंगदाणे किती, ते तिथंच ठरायचं. मिरची तव्यावर तेलात परतायची आणि तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडायची. केव्हा थांबायचं ते तिला नाक सांगायचं. तीस वर्षं तिनं दुसऱ्या कुणाला विचारलं नव्हतं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत ती पंधरा दिवस घाटी दवाखान्यात होती. वाचली. घरी आल्यावर खारट, आंबट, गोड हळूहळू कळायला लागलं, पण वास काही परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, कुणाचा महिन्यात येतो, कुणाला वर्ष लागतं, थांबा. सारजाबाई थांबली. पावसाळा गेला, दसरा गेला. शेवटी भिंतीकडं बघत बसायचा कंटाळा येऊन तिनं टपरी उघडली.

पहिल्या दिवशी तव्यावर मिरची टाकली आणि तिला जोरात ठसका लागला. क्षणभर वाटलं, आला वास. पण तो वास नव्हता. डोळ्यांत पाणी, घशात आग, आणि नाकात काहीच नाही. मिरची कुठवर आली, लसूण कच्चा आहे की तांबूस झालाय, काही कळेना. तवा काळा, मिरचीची साल काळी, डोळ्यांनी तरी काय बघणार? तिनं अंदाजानं ठेचा केला.

दिवाळी झाल्यावर आठवडाभरात ताटल्या धुताना तिच्या ध्यानात आलं. पिठलं पुसून खाल्लेलं असायचं, भाकरीचा कण नसायचा, आणि ठेचा मात्र कडेला तसाच. एका ताटलीत नाही, सात-आठ ताटल्यांत.

"द्वारका," तिनं सुनेला हाक मारली, "ठेचा कसा झालाय?"

"चांगला झालाय, आत्याबाई."

"काल कसा होता?"

"काल बी चांगला होता."

"मंग लोकं टाकून का देतेत?"

द्वारका खाली मान घालून ताटल्या विसळत राहिली. लग्न होऊन तिला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत सासूच्या स्वयंपाकाला तिनं 'चांगला' याखेरीज दुसरा शब्द वापरला नव्हता.

घरात विचारायला दुसरं होतं तरी कोण? नवऱ्याला, रामकिसनला, पोटात अल्सर होता, डॉक्टरनं त्याचं तिखट बंद केलेलं. मुलगा बन्सी दिवसाला चार पुड्या गुटखा खायचा. त्याला ठेचा दिला तर म्हणाला, "झकास." मग तिनं साखरेचा चमचा भरून एक ठेचा केला आणि त्याच्यापुढं ठेवला. तोही झकास होता. सारजाबाईनं वाटी उचलून नेली आणि त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही.

शौकत रिक्षावाला तिचं जुनं गिऱ्हाईक. खोटं बोलणारा माणूस नव्हे. तिनं त्याला बाकड्यावर बसवलं आणि समोर उभी राहिली.

"खरं सांग."

"बुरा नका मानू, मौसी," शौकत म्हणाला. "तिखट लई हाय. पर मजा नाय."

"मजा म्हंजी काय? लसूण करपलाय? मिरची कच्ची हाय?"

"आता ते मला काय मालूम. पहले एक घास खाल्ला की दुसरा मागायचं तोंड. आता तोंड जळतं, अन् खतम. कुछ तो कम है."

"कुछ म्हंजी काय रे?"

शौकतनं अजून एक घास खाल्ला, वर पत्र्याकडं बघितलं, डोकं खाजवलं. "कुछ तो," तो म्हणाला.

सारजाबाईला त्याला धरून हलवावंसं वाटलं. वीस वर्षं रोज खाणारा माणूस, आणि आपण काय खात होतो ते त्याला सांगता येत नव्हतं. नंतर तिनं आणखी तिघा-चौघांना विचारलं. एक म्हणाला, जरा हटके लागतो. दुसरा म्हणाला, पहिल्यासारखा नाय. पहिल्यासारखा म्हणजे कसा, ते कुणालाच सांगता येईना.

मग तिनं मोजायला सुरुवात केली. वीस मिरच्या, आठ पाकळ्या लसूण, मूठभर दाणे, चिमूटभर जिरं, एक चमचा मीठ. दोन दिवस ठेचा जरा बरा गेला. तिसऱ्या दिवशी मिरची दुसऱ्या रानातली आली, दिसायला तशीच पण दुप्पट तिखट, आणि ताटल्या पुन्हा भरलेल्या परत आल्या. तिनं तांब्या भिंतीवर फेकून मारला. द्वारकानं तो गुपचूप उचलला आणि पोचा आलेली बाजू मागं करून ठेवला.

मागच्या गल्लीत हसीना मिरचीची भजी विकायची. भज्यांसोबत लाल चटणी द्यायची, आणि त्या चटणीसाठी लोक चिकलठाण्याहून यायचे. अकरा वर्षांपूर्वी सारजाबाई आपल्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाली होती, त्या चटणीत रंग असतो. ते हसीनाच्या कानावर गेलं आणि बोलणं तुटलं. चटणीत रंग नव्हता. दोन जातींच्या वाळल्या मिरच्या भिजवून वाटलेल्या होत्या, एक तिखटाची, एक रंगाची. हे सारजाबाईला आठ दिवसांतच कळलं होतं, पण तसं कुणाला सांगायला ती गेली नव्हती.

त्या दुपारी ती वाटी पदराखाली धरून हसीनाच्या दारात उभी राहिली. हसीना लसूण सोलत होती.

"चाखून सांग," सारजाबाई म्हणाली.

"मैं कायकू?"

"माझं नाक गेलंय. अन् बाकीच्यांना सांगता येत नाय."

हसीनानं वर बघितलं. "मेरी चटणी में रंग है, बोली थी तू."

"बोलले होते."

"था क्या?"

"नव्हता."

"ग्यारा साल लागले तुला." हसीना उठली, हात धुतले, भाकरीचा तुकडा आणला. एवढासा ठेचा तुकड्यावर घेऊन तिनं बराच वेळ चावला. मग बोलू लागली, कुठं न अडखळता.

"मिरची घाईनं भाजली. बाहेरून जळाली, आत कच्ची. म्हणून जिभेच्या शेंड्याला चावती, मागं घशाकडं जात नाय. लसूण मिरचीसंगंच टाकलास, कडू झाला. वो बाद में डालना था. मीठ ठीक हाय. अन् दाणे खवट हैत."

"माझे दाणे खवट नसतेत."

"तो फिर मेरी जबान खोटी. उचल वाटी."

सारजाबाईनं वाटी उचलली. टपरीत येऊन दाण्यांचा डबा उघडला, नाक आत घातलं. काही नाही. दाणा चावला, तेलकट लागला, बाकी काही नाही. तिनं डबा द्वारकापुढं धरला.

"खवट हैत का?"

द्वारकानं एक दाणा उचलून बोटांत फिरवला.

"तुला विचारतीय मी."

"हैत," द्वारका म्हणाली. "दिवाळीच्या आधीपासनं."

"मंग सांगितलं का नाय?"

"तुमी ऐकलं असतं का, आत्याबाई?"

दाण्यांचा डबा सारजाबाईनं स्वतः नेऊन उकिरड्यावर ओतला. परत येईपर्यंत तिचा राग निवला नव्हता. तो सुनेवर होता की नाकावर, तिचं तिला सांगता येईना.

दुसऱ्या दिवसापासून ठेचा झाला की द्वारका वाटी घेऊन मागच्या गल्लीत जायची आणि हसीनाचा निरोप आणायची. मिरची अजून मऊ होऊ द्या. जिरं जास्त झालं. इतकं बारीक रगडू नका, दाताखाली आलं पाहिजे. पहिले काही दिवस द्वारका निरोप जसाच्या तसा सांगायची. मग एक दिवस निघायच्या आधीच तिनं बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, "लसूण पुढं गेलाय आज, करपट लागतोय." हसीनाही तेच म्हणाली. ताटल्या हळूहळू रिकाम्या यायला लागल्या. शौकत म्हणाला, "मजा आली, मौसी." सारजाबाईला बरं वाटायला हवं होतं. पण तिनं ठेचा खाल्ला की जीभ पेटायची, नाक गळायचं आणि घास खाली जायचा, बस्स. लोक कशाची तारीफ करतात ते तिला माहीतच नव्हतं.

जानेवारीत ओली लाल मिरची आली. लाल ठेच्याचे दिवस. त्या दिवशी हसीना स्वतःच टपरीत आली, वाटीची वाट न बघता. तिनं चाखलं आणि म्हणाली, "लिंबू मंगता." द्वारका म्हणाली, "नको, हसीनाखाला, मिरचीलाच आंबूस चव हाय." हसीना म्हणाली, ती चव उद्या कळेल, आज गिऱ्हाइकाला आंबट लागलं पाहिजे. द्वारका ऐकेना. दोघी तव्यावर वाकून चाखत होत्या, एकमेकींना खोडून काढत होत्या, आणि सारजाबाई तांब्या हातात धरून बाजूला उभी होती.

"ठेचा माझा हाय," ती शेवटी म्हणाली.

"मंग सांग," हसीना म्हणाली. "डालू क्या नक्को?"

सारजाबाईनं तव्याकडं बघितलं. लालभडक गोळा, कडेनं तेल सुटलेलं. बोटानं चाखलं तर आंबट जिभेला कळत होतं, पण तेवढं पुरे की नाही ते कळेना. मागच्या जानेवारीत काय केलं होतं, त्याच्या आधी काय केलं होतं, ते आठवायचा प्रयत्न केला. हात आठवत होते, तेल आठवत होतं, लिंबाचं काही आठवेना.

"नको," ती म्हणाली.

हसीनानं खांदे उडवले आणि ती आपल्या भज्यांकडं गेली. द्वारकानं ठेचा डब्यात काढला. पाळी सुटली, माणसं आली, साडेतीनपर्यंत डबा रिकामा झाला. पण लाल ठेचा दरवर्षीच संपायचा. लिंबू हवं होतं की नव्हतं, ते सारजाबाईला कुणी सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. ती उरलेल्या मिरच्यांचे देठ खुडत बसली.