मॅलकीच्या अंगणातली हिरव्या डिझेलची टाकी

मी टाकी बोलतेय. आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात, मॅलकी मॉयल्सच्या गोठ्यामागे, एकोणीस वर्षं विटांवर उभी आहे. पत्रा गंजलाय, पण अजून गळत नाही हो मी!

माझ्या पोटात शेतीचं हिरवं डिझेल असतं. रस्त्यावरच्या गाड्यांचं आणि हे, मुळात एकच. पण ट्रॅक्टर राबतो शेतात, रस्ते झिजवतात गाड्या. म्हणून सरकार शेतीच्या डिझेलवर कर कमी घेतं. लबाडी पकडता यावी म्हणून त्यात हिरवा रंग मिसळतात. गाडीत तो रंग एकदा गेला की लवकर निघत नाही, आणि सापडला की गाडी जप्त.

मॅलकी यात भलताच कडक. त्याचा मेव्हणा फेस्टस चिडवायचा, "जीपला हिरव्याचा वाससुद्धा देत नाहीस, जावई लागून गेली का ती?"

मॅलकीची बायको ॲट्रॅक्टा. तिची मूत्रपिंडं निकामी झालीत. आठवड्यातून तीनदा तिला कॅसलबारला डायलिसिसला न्यावं लागतं. फेब्रुवारीत वादळ झालं, वीज गेली, गावचा पेट्रोल पंप बंद पडला आणि नेमकी जीप रिकामी.

"आज चुकवून चालायचं नाही हो," ती म्हणाली.

मॅलकी माझ्यासमोर बराच वेळ घुटमळला. मग पाच लिटर काढून जीपमध्ये ओतलं. मला इतकं बरं वाटलं! पहिल्यांदाच मी तिच्या उपयोगी पडले.

पुढचं मला कळलं ते फेस्टस अंगणात उभा राहून मॅलकीला शिव्या घालत होता तेव्हा. शुक्रवारी गुरांच्या बाजारात कर खात्याची माणसं गाड्यांच्या टाक्यांत नळी घालून रंग बघत होती. जीपमधले दोन म्हातारे जीव पाहून साहेब म्हणाला, "आजोबा, तुम्ही जा."

मॅलकीने काच खाली केली. "साहेब, यात पाच लिटर हिरवं गेलंय."

"अहो, तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" ॲट्रॅक्टाने कपाळाला हात लावला.

जीप जप्त झाली. फेस्टस म्हणाला, "आता तिला नेणार कशातून, शहाण्या?"

सोमवारी सकाळी मॅलकीने ट्रॅक्टरमधलं सगळं हिरवं उपसून परत माझ्यात ओतलं. पंपावरून पूर्ण कराचं डिझेल डब्यांतून आणलं होतं, ते ट्रॅक्टरमध्ये भरलं. "दवाखान्यात जाणं म्हणजे काही शेती नव्हे," म्हणाला.

"वेड लागलंय या माणसाला," असं पुटपुटत ॲट्रॅक्टा कांबळं गुंडाळून त्याच्या शेजारी चढून बसली. त्याचा दंड मात्र तिने घट्ट धरला होता.

ट्रॅक्टर फाटकाबाहेर पडला. मी काठोकाठ भरलेली होते, आणि तिला न्यायला माझा एक थेंबही चालत नव्हता. ॲट्रॅक्टा, बाई, सुखरूप परत ये.