ओलावा सत्तर टक्के

मित्रांनो, मी जुना आहे, पण मोडीत निघालेला नाही. गणिताच्या तासाला तुम्ही मला चोच म्हणता. टोक डावीकडे, अर्थ 'पेक्षा कमी'. हा पाहा मी: <. टोक उजवीकडे असलेला तो माझा भाऊ, 'पेक्षा जास्त'. मध्यंतरी एका चुकीचे खापर माझ्यावर फुटले, म्हणून बोलतो आहे. माफी मागायला आलेलो नाही.

जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कारखान्याची प्रयोगशाळा आहे. तिथे चांदपाशाभाई तीस वर्षे सोयाबीन तपासतात आणि चिठ्ठीवर लिहितात: ओलावा < १२ टक्के, उगवण > ७० टक्के. खाली सही. त्या सहीवर मंठ्याचे दुकानदार डोळे मिटून पोती उचलतात. आम्हा भावांना त्याचा गर्व होता आणि अजूनही आहे.

मग कारखान्याची माहितीपत्रके वेबसाइटवर चढवायचे ठरले. काम कारखान्यात संगणक सांभाळणाऱ्या सुमेधाकडे आले. पत्रकांत मथळ्यांच्या, ठळक अक्षरांच्या जुन्या संगणकी खुणा होत्या, आणि अशा प्रत्येक खुणेच्या अलीकडे मी, पलीकडे भाऊ उभा असतो. सुमेधाने प्रोग्रामला सांगितले, या दोघांच्या मध्ये जे असेल ते दोघांसकट गाळ. त्याने इमानदारीने गाळले. खुणा गेल्या, आणि सोयाबीनच्या पानावर चिठ्ठीतली जी ओळ उतरवली होती, तिच्यातून आम्हीही गेलो, मधला मजकूर घेऊन. उरले ते असे: ओलावा ७० टक्के. खाली चांदपाशाभाईंचे नाव.

सकाळीच मंठ्याचे दुकानदार अप्पाराव यांचा फोन आला. "हे बियाणं हाय का वरण? असला माल पाठवू नका."

व्यवस्थापक राधेश्यामजींनी चांदपाशाभाईंना बोलावले. "तुमचं नाव आहे पानावर. चूक झाली असं लिहून द्या."

"ओलं बियाणं म्या कधी पास केलं न्हाई, साहेब. केलं असं लिहून बिलकुल देणार न्हाई."

तीस वर्षांची सही एका पानाने पुसली जाणार, याची मला भयंकर चीड आली. तेवढ्यात तिथे आलेल्या सुमेधाने चिठ्ठी आणि पान शेजारी-शेजारी ठेवले आणि तिचा चेहरा उतरला.

"सर, लिहून मी देते," ती म्हणाली. "चाचांनी बराबर लिहिलंय. माझ्या प्रोग्रामनं मधलं गाळलं."

"मग ही चिन्हंच बंद करा. प्रयोगशाळेतही सांगा."

सुमेधाने तसे केले नाही. वेबपानाच्या आत आम्हा प्रत्येकासाठी चार अक्षरांचे एक सांकेतिक नाव असते. ते लिहिले की प्रोग्राम आम्हाला खूण समजत नाही आणि वाचणाऱ्याला पडद्यावर आम्हीच दिसतो. तिने आधी आकड्यांशेजारच्या आम्हा दोघांना आपापले नाव दिले, मग गाळणी चालवली. दुपारी सुधारलेले पान पाहून अप्पारावांनी पोती मागवली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही जुने कागद नव्या पडद्यावर चढवाल. गाळणी खुशाल लावा, पण मूळ कागद शेजारी धरून एकदा वाचा. आम्ही कचरा नाही.

चिन्हे बंद करण्याचा राधेश्यामजींचा निरोप मात्र प्रयोगशाळेत पोचलाच. चांदपाशाभाईंनी तो शांतपणे ऐकला, आणि पुढच्या चिठ्ठीवर मला नेहमीपेक्षा दुप्पट मोठे काढले.