दारावरचा केस

डिस्क प्लेअरमध्ये सरकवून दहा मिनिटंही झाली नव्हती, तोच अंधारमामांना पडद्याकडे बघवेना.

हे नाव त्यांना धंद्यात पडलेलं. इतर कॅमेरामन जिथे चार दिवे लावायचे तिथे हे एक लावायचे आणि तोही मंद करता येईल का बघायचे. एकोणचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी टिपलेला तो हेरगिरीचा सिनेमा म्हणजे तर नव्वद टक्के काळोखच. आता एका कंपनीनं तो जुन्या रिळांवरून धुऊनपुसून घरी बघण्यासाठी काढला होता आणि वेष्टनावर ठळक छापलं होतं, ‘छायालेखकाच्या देखरेखीखाली’. त्या ओळीसाठी मामांनी सही दिली होती. सकाळीच पाच प्रती घरी आल्या होत्या.

“काय हो, नायकाला कावीळ झालीय का?” सोफ्यावरून बायकोनं विचारलं.

“कावीळ परवडली. मेण लावलंय मेल्यांनी.”

खरंच लावलं होतं. देवीचे व्रण असलेला तो रांगडा नायक सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत दिसत होता. जिन्याखालच्या अंधारात मारेकरी दबा धरून बसलाय हे प्रेक्षकाला शेवटच्या क्षणी कळायला हवं, तर इथे तो पहिल्यापासून लख्ख उजेडात बसस्टॉपवर बसल्यासारखा बसलेला. त्याच्या शेजारी सेटवाल्यांनी विसरलेली रंगाची बादलीसुद्धा दिसत होती. ती बादली मामांनी तेव्हा काळोखात गाडली होती. या लोकांनी ती उकरून काढली.

“शी!” मामा म्हणाले. शिसारी आली की त्यांना दुसरा शब्द सुचत नसे. “शी, शी, शी!”

“थांबा हो, आता माझा येईल,” बायको म्हणाली आणि पुढे सरकून बसली.

माझा म्हणजे तिचा केस. सिनेमाचा सगळा डोलारा त्यावर उभा होता. हेर खोलीबाहेर पडताना दार आणि चौकट यांच्यामध्ये थुंकीनं एक केस चिकटवतो. परत येतो तर केस तुटलेला. म्हणजे आत कुणीतरी आहे. तो आल्या पावली पळतो आणि वाचतो. शूटिंगच्या दिवशी आधी दोरा लावून पाहिला, तो दोराच दिसला. टोपाचा केस लावला, तो नको तितका चमकला. शेवटी वैतागून मेकअपवाल्याच्या मदतनीस मुलीनं स्वतःच्या डोक्याचा एक उपटून दिला. मामांनी त्या एका केसावर दोन तास प्रकाश बसवला आणि टेकवर टेक घेतले. दर टेकला नवा केस. ‘केसानं गळा कापला म्हणतात, माझं लग्न लावलं,’ असं मामा चारचौघांत सांगत. ‘डोक्यावरचे उरलेले वाचवायचे होते, म्हणून हो म्हटलं,’ असं ती सांगे. पडद्यावर ती आयुष्यात तेवढीच आली. सिनेमा कुठेही लागला की त्या शॉटला ती मामांना कोपरानं ढोसायचीच.

हेर बाहेर आला. बोटाला थुंकी लावली, वाकला, कोऱ्या दारावर बोट फिरवलं आणि समाधानानं निघून गेला. पुढच्या प्रसंगात तो परतला, कोऱ्या दाराकडे डोळे फाडून पाहिलं आणि भूत दिसल्यासारखा जिना उतरत पळत सुटला.

कोपर आलं नाही.

“केस कुठाय?” बायको म्हणाली.

मामांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी फोन उचलून कंपनीच्या साफसफाई विभागाची प्रमुख गाठली. “अहो बाई, दोन तासांचा सिनेमा एका केसाला लटकलाय आणि तोच तुम्ही कचरा म्हणून झाडून टाकला? डोळे आहेत की बटणं? माझं नाव काढा त्या डिस्कवरून! आत्ताच्या आत्ता!”

बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, डिस्क दुकानात गेल्यात. आणि आम्ही विचारलं होतं.”

“कुणाला?”

“तुम्हाला. फॉर्मवर धूळ, ओरखडे आणि केस, तिन्हींपुढे तुम्ही ‘काढावेत’वर खूण केलीय.”

“तो केस म्हणजे कॅमेऱ्याच्या खिडकीत अडकून पडद्याच्या कडेला वळवळतो तो! धंद्यात त्यालाच केस म्हणतात, हे मी तुम्हाला शिकवू?”

“आम्हालाही तेच वाटलं, सर. पण हा एक अगदी मधोमध होता, म्हणून आमच्या मुलीला शंका आली. तिनं तुम्हाला मेल केला, फोटो जोडून. ‘हा एक केस ठेवायचा का?’ तुमचं उत्तर आहे माझ्यासमोर. वाचू?”

वाचायची गरज नव्हती. मामांना आठवलं होतं. चष्मा आतल्या खोलीत होता, फोटो उघडायचा कंटाळा आला होता आणि कालच्या पोरींनी आपल्याला असलं क्षुल्लक विचारावं याचा रागही आला होता. त्यांनी लिहिलं होतं, ‘काढून टाका. एवढंसुद्धा कळत नाही का?’

त्यांनी फोन ठेवला. मघापासून दुसऱ्यांसाठी वर येणारी किळस आता स्वतःवरच उलटली. ती थुंकायला दुसरं तोंड उरलं नव्हतं.

“काय म्हणाली?” बायकोनं विचारलं.

‘गाढवं आहेत सगळी’ एवढं म्हणून सुटता आलं असतं. तिनं विश्वास ठेवला असता. गेली कित्येक वर्षं ठेवतच आली होती.

“मीच काढायला सांगितला,” मामा म्हणाले. “त्यांनी फोटो पाठवून विचारलं होतं.”

“आणि?”

“मी बघितला नाही.”

पडद्यावर बटाट्याच्या तोंडाचा हेर अजून पळत होता. तिनं रिमोट उचलून त्याला तिथेच थांबवलं.

“मी सांगतो त्यांना,” मामा घाईनं म्हणाले, “उद्याच वकिलाकडे जातो. माझं नाव त्या घाणीवर नको.”

“राहू दे,” ती उठत म्हणाली. “बरोबर छापलंय त्यांनी. तुमच्याच देखरेखीखाली झालंय.”