बाईंचा नियम

बाईंनी खिडकीकडचं बाक ओढून पुन्हा जवळ आणलं. वरच्या गल्लीतले लोक नेहमी खिडकीकडे बसायचे, खालच्या गल्लीतले दाराकडे, आणि दर बैठकीला दोन्हीकडची बाकं एकमेकांपासून आणखी थोडी लांब सरकायची. कोण सरकवायचं, ते कुणी पाहिलं नव्हतं.

दंगलीपासून शाळा बंद होती. दोन गल्ल्यांच्या मधोमध असलेली ही शाळा बाईंनी जन्मभर चालवली. दोन्हीकडची मुलं पुन्हा एका वर्गात बसवल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत, असा त्यांचा हट्ट होता. त्यासाठीच या बैठका. नियम एकच: आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं; त्यानं ‘बरोबर’ म्हटलं, की मगच आपलं बोलायचं. पण आजवर ते ‘बरोबर’ काही कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. बाईंचा घसा तेवढा बसला होता.

वरच्या गल्लीचा गवंडी आणि खालच्या गल्लीचा बेकरीवाला, दोघेही बाईंचेच विद्यार्थी, एकेकाळी एका बाकावरचे. दंगलीत गवंड्याचा भाऊ गेला. बेकरीवाल्याची बेकरी जळली, आणि आत झोपलेले त्याचे वडीलही. ‘विसरा आता’ असं म्हणायची बाईंची कधी छाती झाली नाही.

आज सुरुवात गवंड्यानं केली. तो म्हणाला,

“तुमचं म्हणणं असं, की तुम्हाला आमची तोंडंसुद्धा बघायची नाहीत.”

बेकरीवाल्यानं मान वर केली.

“बरोबर. आणि तुम्हालाही आमची.”

“बरोबर.”

वर्गात सगळेच जरा सैलावून बसले. पुढचं भराभर झालं. दोन गल्ल्यांच्या मधून भिंत घालायची, थेट शाळेतून. अर्धी शाळा इकडे, अर्धी तिकडे. उंची ठरली. विटा कुणी आणायच्या, तेही ठरलं. गवंड्यानं खडू मागितला आणि बाईंनी सवयीनं दिला. त्यानं फळ्यावर भिंतीची रेघ आखली, तसा बेकरीवाला उठून त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

“अरे, हौदापाशी पाया खचेल. जरा अलीकडे घे.”

“खरंच की. लक्षातच आलं नाही माझ्या.”

या एका ‘अरे’साठी बाईंनी जिवाचं रान केलं होतं. आता तो कानावर पडला, तो भिंतीच्या पायासाठी.

“एक दार तरी ठेवा रे,” त्या म्हणाल्या. “मुलांपुरतं.”

दोघं वळले. गवंड्यानं खडू खाली ठेवला, हात झटकले, आणि शिकवल्याप्रमाणे आधी बाईंचं म्हणणं सांगितलं.

“बाईंचं म्हणणं असं, की मुलांना येण्याजाण्यापुरतं भिंतीत एक दार ठेवावं.”

मग दोघंही अदबीनं थांबले.

“बरोबर,” बाई म्हणाल्या.

“नको,” दोघं एकदमच म्हणाले.