माझ्यावर टाचलेली खोटी यादी

मित्रांनो, मी मुलुंडच्या एका सोसायटीतला जुना नोटीस बोर्ड आहे. सुताराने मला सागवानी चौकट आणि कुलपाचं काचेचं दार दिलं. पाण्याच्या वेळा, सत्यनारायणाचं आमंत्रण, दहावीचे निकाल, सगळं मी मिरवलं. कितीतरी मुलं माझ्यापुढे उभी राहून अक्षरं लावायला शिकली.

दर महिन्याला माझ्यावर थकबाकीदारांची यादीही लागते. चार वर्षं तिच्यात पहिलं नाव चौथ्या मजल्यावरच्या देवेशचं. मेंटेनन्स भरायचा नाही आणि नवी गाडी मात्र माझ्यासमोर उभी करायची. एका दुपारी यादी फाडायला त्याने माझी काच फोडली. सेक्रेटरी शुभाताईंना म्हणाला, "रतनच्या काठीने फुटली. मी बघितलं ना." रतन आमचा वॉचमन. नव्या काचेचे पैसे त्याच्या पगारातून कापले. तो मात्र रोज मला पुसत राहिला. मी तेव्हाच ठरवलं, या देवेशला सोडायचं नाही.

गेल्या महिन्यात देवेशला सरकारी संशोधन केंद्रात गोपनीय कामाची नोकरी मिळत होती. फॉर्ममध्ये त्याने लिहिलं, कसलीही थकबाकी नाही. चौकशीचे साहेब यायच्या दिवशी त्याने रतनकडून किल्ली घेतली आणि आपलं नाव गाळलेली यादी खऱ्या यादीवर टाचली. खाली शुभाताईंची खोटी सही. खरी काढायला वेळ मिळाला नाही. शुभाताई मुलाला स्कूलबसमध्ये बसवून परत येत होत्या.

साहेबांना तो मुद्दाम माझ्यापाशी घेऊन आला. "बघा साहेब, माझं नाव दिसतंय का कुठे?"

घाईत त्याने एकच टाचणी लावली होती. मी ती सोडून दिली.

वरचा कागद घसरला आणि खालची खरी यादी उघडी पडली, पहिलंच नाव देवेशचं. साहेबांनी शुभाताईंना बोलावलं.

"मॅडम, सही तुमची?"

"खऱ्या यादीवरची माझी. या घसरलेल्या कागदावरची मी केलेली नाही."

"साहेब, संध्याकाळी भरून टाकतो ना सगळे," देवेश म्हणाला.

"पैसे थकले होते तर तसं लिहायचं. हप्ते बांधून घेतले असते तर विचार झाला असता. तुम्ही लपवलंत, वर खोटी सही केलीत. उद्या हेच दाखवून कोणी धमकावलं, तर आमचे कागद त्याच्या हाती देणार नाही कशावरून?"

नोकरी गेली. शुभाताईंनी काचेचं प्रकरण पुन्हा काढलं आणि रतनला त्याचे पैसे मिळाले.

मित्रांनो, पैसे नसतील तर सरळ सांगा, शुभाताई मुदत देतात. पण खोटं बोलून दुसऱ्याला अडकवू नका.

मला वाईट वाटत नाही का? देवेशची बायको अक्षता लेकीला कडेवर घेऊन मान खाली घालून जाते, तेव्हा वाटतं. त्याच्यासाठी, अजिबात नाही.