रामनगरपुढची पाऊलवाट

बालाजी घाटाजवळच्या गर्दीला विटलेल्या मृणालिनीताईंनी रामनगरच्या पुढे नदीकाठची एक निवांत पाऊलवाट शोधली होती. कौतुकाने त्यांनी ती आपल्या भाच्याला, केयूरला दाखवली. त्याने वाटेचा व्हिडिओ टाकला आणि महिन्याभरात तिथे मोटारसायकली धावू लागल्या. टिटवीची अंडी चाकाखाली चिरडलेली पाहून ताईंचं डोकंच फिरलं.

“आत्या, पब्लिकचा पण हक्क आहे ना?” केयूर म्हणाला.

“चालायचा आहे, चिरडायचा नाही! आत्ताच्या आत्ता काढ तो व्हिडिओ!”

त्याने तो काढला, पण गाड्या थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ताईंनी वाटेच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या ओढून आणल्या आणि स्वतःही वाट अडवून उभ्या राहिल्या. पहिल्या मोटारसायकलवाल्याने हॉर्न वाजवला, शिवी हासडली आणि अखेर गाडी वळवली.