राहतं घर

वसंत आला की त्या गल्लीतल्या माणसांना घरात म्हणून बसवत नसे. बरं, स्वतः बाहेर पडून तरी समाधान मानावं? छे, यांना घरातलं सामानही बाहेर काढायचं असे. मेळ्याच्या शनिवारी सकाळी सातला कपाटं, पलंग, टेबलं, आरसे, सगळं रस्त्यावर. मग घरं झाडायची, धुवायची, हवा तिथे रंगाचा हात मारायचा आणि ते वाळेपर्यंत त्याच सामानावर मेळा भरवायचा. एकाच्या जेवणाच्या टेबलावर केक, दुसऱ्याच्या पलंगावर जुनी पुस्तकं, तिसऱ्याच्या कपाटामागे तिकीटविक्री. संध्याकाळी ज्याचं त्याच्या घरी. एका वर्षी एक सोफा भलत्याच घरी गेला आणि कुणी तक्रार केली नाही, कारण त्या घरची मुलगी नि सोफ्याच्या घरचा मुलगा यांचं तोवर जमलं होतं.

सगळ्यात चकाचक घराला बक्षीस असे. बक्षीस काय, तर एक बादली. पण त्या बादलीपायी शहाणीसुरती माणसं फरशीवर गुडघे फोडून घेत. दुपारी कुणीतरी परीक्षक कागद-पेन घेऊन घरोघर फिरे आणि कोपरे न्याहाळी.

या सगळ्या धामधुमीची सूत्रं चष्मेवालीकडे असत. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात ती काचा बसवायची, वाकड्या काड्या सरळ करायची. गल्लीत असं एक नाक नव्हतं ज्याचं माप तिला ठाऊक नव्हतं. किरकोळ कामाचे पैसे ती घेत नसे आणि कुणाकडे कधी काही मागतही नसे. मागणं तिच्या स्वभावातच नव्हतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. अकरा नंबरच्या घरात ती आणि तिचे सासरे अठरा वर्षं भाड्याने राहत होते. सासरे बसचे निवृत्त कंडक्टर. आवाज अजून असा की एक हाक मारली तर चालता माणूस थांबून खिशात तिकीट शोधेल.

आणि आता ते घर हातचं जायची वेळ आली होती. त्या वर्षी घरांच्या भावांनी नुसता उच्छाद मांडला होता. पेपरात रोज तेच, न्हाव्याच्या खुर्चीतही तेच. लोक हवापाण्याआधी व्याजदर विचारायचे. घरमालकीण म्हातारी झाली होती, लेकीकडे दुसऱ्या गावी राहत होती, तिला घर विकायचं होतं. एक बिल्डर रोख घेऊन दारात उभा होता. मालकीण मात्र शब्दाची पक्की. तिने चष्मेवालीला सांगितलं, तुझं कर्ज मंजूर झालं तर घर तुझं, पण सोमवारपर्यंतच थांबेन.

बँकेत एक योजना होती. दहा वर्षांहून जास्त जो ज्या घरात भाड्याने राहतोय त्याने तेच घर घेतलं, तर व्याज अर्ध्या टक्क्याने कमी आणि सुरुवातीची रक्कमही निम्मी. चष्मेवालीच्या पगारात बसणारं तेवढं एकच कर्ज. योजना सोमवारी संपणार होती. अट एकच, बँकेच्या माणसाने येऊन घराची किंमत ठरवायची आणि ही माणसं तिथे खरोखर राहतात हे डोळ्यांनी पाहायचं. तो सोमवारी सकाळी येणार होता. पण व्याज वाढायच्या आत कर्ज पदरात पाडून घ्यायला अर्धं शहर बँकेत लोटलेलं, म्हणून त्याला शनिवारीच धाडण्यात आलं. तसा निरोपही चष्मेवालीच्या फोनवर आला. फोन कपाटाच्या खणात, कपाट गल्लीच्या टोकाला, आणि त्याच्यापुढे तिकिटांसाठी ही रांग.

साडेअकराला हातात फाईल घेतलेला एक गंभीर माणूस अकरा नंबरच्या दारात उभा राहिला. सासऱ्यांनी फाईल पाहिली, पेन पाहिलं आणि ओळखलं, परीक्षक आला. अकरा वर्षं ते त्या बादलीवर डोळा ठेवून होते. त्यांनी त्याला खोलीखोलीतून फिरवलं. स्वयंपाकघराच्या फळ्या पुसून कोऱ्या केल्यात बघा, म्हणाले. न्हाणीघरात साधा साबण दिसला तर सांगा. तो माणूस फोटो काढू लागला तसा म्हाताऱ्याला आणखीच चेव आला.

"आता तुम्हीच सांगा," छाती काढून ते म्हणाले, "इथे माणसं राहतात असं वाटतं तरी का?"

"नाही वाटत," तो माणूस म्हणाला, त्याने तसं लिहून घेतलं आणि तो निघून गेला.

सासरे हर्षभरित होऊन सुनेला शोधत आले आणि बादली आपलीच म्हणून सांगू लागले. चष्मेवालीने वळून पाहिलं. यंदाचे परीक्षक म्हणजे शाळेतले ड्रॉइंगचे सर, आणि ते तर सकाळपासून समोर बसून पोरांची तोंडं रंगवत होते. मग घरात कोण येऊन गेलं? तिने सासऱ्यांना दोनच प्रश्न विचारले आणि तिला कळलं, तो बँकेचा माणूस होता. हातातली दोरीची गुंडाळी टाकून ती धावत सुटली.

मेळ्यासाठी रस्ता तिनेच बंद करवला होता, म्हणून त्याची गाडी दूर चौकात होती. तेवढ्यामुळे तो सापडला. धापा टाकत तिने सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण पुरता पोळलेला होता. म्हणाला, बाई, या महिन्यात मी चार घरं अशी पाहिली की रिकाम्या घरात दोन गाद्या नि एक शेगडी आणून टाकली आणि म्हणे आम्ही इथेच राहतो. शेजारी काय, शेजाऱ्यासाठी वाट्टेल ते सांगतात. तुम्ही सामान आणून दाखवाल, पण ते तुमचंच आणि या घरातलंच, हे मी कशावरून मानू?

मग त्यालाच काहीतरी सुचलं. त्याने घड्याळ पाहिलं.

"अर्धा तास थांबतो. सामान येऊ दे. आणणाऱ्याला दारात मी विचारीन, हे कुठे ठेवायचं. तुम्ही फाटकापाशी उभं राहायचं आणि एक अक्षर बोलायचं नाही."

चष्मेवाली मेळ्याच्या मंचावर चढली. मंच म्हणजे तिचाच पलंग. माईक हातात घेतला. अठरा वर्षांत एक वाटी साखर न मागितलेली बाई, आता काय काय मागणार होती? तिला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. पण घर जाणार ही भीती दोन्हींपेक्षा मोठी होती.

"माझं घर चाललंय," ती म्हणाली. "अर्ध्या तासात माझं सामान घरी न्यायचंय. मला मदत करा."

मग कुणी कुणाला सांगितलं नाही की विचारलं नाही. केक उचलून लोकांनी सरळ हातात धरले, पुस्तकं जमिनीवर आली, तिकीटविक्री बंद पडली आणि चष्मेवालीचं घर रस्त्याने चालू लागलं.

ती फाटकापाशी उभी राहिली, तोंडाला कुलूप लावून. पहिली आली बेकरीवाली, जेवणाच्या टेबलाचं एक टोक धरून. हे कुठे, त्याने विचारलं. खिडकीखाली, बेकरीवाली म्हणाली, याचा एक पाय आखूड आहे, पण तिथे फरशी चढी आहे म्हणून डुगडुगत नाही. टेबल ठेवलं. त्याने हाताने दाबून पाहिलं. टेबल हललं नाही.

शिवणक्लासच्या मावशी पडदे घेऊन आल्या आणि न विचारताच आतल्या खोलीत शिरल्या. ते पडदे त्यांनीच शिवले होते, एक बाजू बोटभर कमी भरली होती, ती भिंतीकडे जाते म्हणाल्या. दोन नर्स आरसा घेऊन आल्या. हा सासऱ्यांच्या खोलीत, कंबरेच्या उंचीवर, कारण ते बसून दाढी करतात. कपाटाला पाच जण लागले. पोस्टमन पुढून ओरडत होता, डावीकडे घ्या, अजून डावीकडे, आणि कपाटाचे चारही पाय जमिनीवर पडलेल्या चार खळग्यांत जाऊन बसले. तेव्हा बँकेच्या माणसाने पेन खिशातून बाहेर काढलं. चष्मेवालीच्या डोळ्यांना धार लागली होती. ती पुसायलाही तिला सुचत नव्हतं. या सगळ्यांनी आपलं घर इतकं कधी पाहिलं, हेच तिला कळेना.

फ्रिज पाठीवर घेऊन आला समोरचा प्लंबर. मोरीचा पाईप गळतो की नाही यावरून तीन वर्षं त्याचं नि तिचं बोलणं बंद होतं. हा आता काय सांगतो नि काय नाही.

"स्वयंपाकघरात, दाराच्या उजव्या हाताला," प्लंबर म्हणाला. "पण भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. मागे पाईप आहे. मी बसवलाय." मग फाटकाकडे बघत जरा मोठ्याने, "आणि गळत नाही."

ती हसली. तोंडातून अक्षर न काढता हसली, पण असं की प्लंबरलाही हसू आवरेना.

पंचवीस मिनिटांत घर भरलं. बँकेच्या माणसाने पुन्हा सगळे फोटो काढले, आधीचं पान रद्द केलं आणि तिथेच, खिडकीखालच्या टेबलावर बसून नवा अहवाल लिहिला. तो पाठवण्याआधी त्याने शेवटची ओळ तिला वाचून दाखवली. घर राहतं आहे, अर्जदार तिथे अठरा वर्षे राहत असल्याची स्वतः खात्री केली. आता बोललात तरी चालेल, म्हणाला. बेकरीवालीने त्याच्या हातात केकचा तुकडा दिला, तोही त्याने नाकारला नाही.

आता रस्त्यावर मेळ्याला सामान कमी पडलं, म्हणून लोक अकरा नंबरातच शिरले. जिन्यावर, ओट्यावर, पलंगावर, जागा मिळेल तिथे बसले. पावणेचारला चष्मेवालीचा फोन वाजला. कर्ज मंजूर. सासऱ्यांनी खिडकीत उभं राहून ती बातमी अशा आवाजात जाहीर केली की चौकापर्यंत टाळ्या पडल्या. मग ते सुनेकडे वळले, त्यांचा चेहरा पडलेला होता. पोरी, मी आज घर घालवलं होतं, म्हणाले. बाबा, आज तुम्ही घर स्वच्छ केलंत, बाकी काही नाही, ती म्हणाली आणि तिने त्यांचा हात घट्ट धरला.

तिने मालकिणीला फोन लावला. म्हातारी पलीकडून रडली, हसली, सुखाने राहा म्हणाली. फोन ठेवता ठेवता चष्मेवाली अठरा वर्षांच्या सवयीने बोलून गेली.

"आणि समोरच्या खोलीत एक खिळा ठोकू का?"

"आता मला कशाला विचारतेस?" मालकीण म्हणाली.

चष्मेवालीने फोन ठेवला. मग तिने प्लंबरकडे हातोडा मागितला. भरल्या घरात सगळ्यांसमोर, नव्या रंगाच्या भिंतीवर, अगदी मधोमध तिने एक भला मोठा खिळा ठोकला. काय लावणार, कुणीतरी विचारलं. ते अजून ठरवलं नाही, ती म्हणाली.